वाऱ्याचे बेट ऑल्डर्नी : सायकलवरून आणि पायी

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये जी इंग्लिश खाडी पसरली आहे, तिच्या फ्रान्सकडील बाजूस काही लहानमोठी बेटे आहेत. जर्सी व गर्न्सी ही त्यांतील मोठी आणि प्रसिद्ध. ऑल्डर्नी हे त्यांतील अगदी उत्तरेकडचे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, रुंदी अडीच किलोमीटरच्या आत आणि लोकवस्ती सुमारे दोन हजार. फ्रान्सचा किनारा येथून अवघा पंधरा किलोमीटर, इंग्लंडचा मात्र शंभराच्या आसपास. असे असूनही हे बेट फ्रान्सचे नव्हे आणि कायद्याच्या काटेकोर अर्थाने ब्रिटनचाही भाग नव्हे. ते ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असून गर्न्सीच्या परगण्यात मोडते, आणि स्वतःचे लहानसे विधिमंडळ राखून आहे.

एवढ्याशा बेटाची माहिती आपल्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, दुसऱ्या महायुद्धात या बेटावर नाझींनी छावण्या उभारल्या आणि त्यांपैकी एकीत फ्रान्समधून आणलेले सुमारे सहाशे यहुदी कोंडले होते. ब्रिटिश ध्वजाखालील भूमीवर असे काही घडले, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नाही. आम्हां उभयतांनाही ते निवृत्तीनंतरच्या वाचनातून कळले. लंडनला नातलगांकडे जाण्याचा योग आला तेव्हा शब्बाथ तेथे पाळून रविवारी आम्ही गर्न्सीमार्गे ऑल्डर्नीस गेलो. जून महिना होता. तेथे आम्ही दोन दिवस राहिलो. पहिला दिवस सायकलींवर काढला, दुसरा पायी.

वारा आणि वाट

अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूस ज्यांचे बालपण गेले त्यांना खारा वारा नवा नाही. परंतु कोकणचा वारा पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो. ऑल्डर्नीचा वारा मुक्कामास असतो. अटलांटिक महासागरावरून तो पश्चिमेकडून येतो, आणि वाटेत त्याला अडविणारे काही नसते. बेटाच्या पश्चिम भागी उंच झाडे फारशी दिसत नाहीत. जी आहेत ती पूर्वेकडे कललेली, जणू कोणी सतत त्यांचे केस मागे सारीत आहे. गवत आखूड, काटेरी झुडुपे जमिनीलगत पसरलेली. बेटाभोवतीचे समुद्रप्रवाहही असेच अनावर. फ्रान्सच्या बाजूच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचे पाणी नदीच्या पुरासारखे धावते, आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास ते डोळ्यांनी दिसते.

सेंट ॲन हे बेटावरील एकमेव गाव. दगडी फरसबंद गल्ल्या, रंगविलेली घरे आणि मध्यभागी मोठे चर्च. तेथे आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. सायकलवाल्याने ब्रेक व गिअर यांविषयी दोनच वाक्ये सांगितली, वाऱ्याविषयी मात्र बरेच सांगितले. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी असतो म्हणून माणूस स्वतःस तरुण समजतो; परतताना वय आठवते, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. पन्नाशी ओलांडलेल्यांनी हे ध्यानी धरावे. जाताना जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ परतीस राखून ठेवावा. मोटारी थोड्या आणि रस्ते अरुंद असल्यामुळे सायकल चालविण्यास भय मात्र मुळीच नाही. योम किप्पूरच्या दिवशी आपल्या गावांतील रिकाम्या रस्त्यांवर मुले ज्या निर्धास्तपणे सायकली फिरवितात, काहीशी तीच निर्धास्तता येथे आठवड्याच्या कोणत्याही दिवशी लाभते.

गाव सोडण्यापूर्वी लेझ ब्यूत नावाचे मैदान अवश्य पाहावे. ब्रे बंदर आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेली लाटा अडविणारी लांबलचक भिंत तेथून एका दृष्टिक्षेपात दिसते. याच मैदानावर बेटाचे लोक क्रिकेट खेळतात. रेडिओवरील क्रिकेटचे विख्यात समालोचक जॉन अर्लट यांनी आयुष्याची अखेरची दहा वर्षे या बेटावर घालविली व १९९१ साली येथेच देह ठेवला. १९४६ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, विजय मर्चंट, विजय हजारे व विनू मांकड ज्या संघात होते, त्याच दौऱ्यात अर्लट यांच्या समालोचनास आरंभ झाला होता. रेडिओला कान लावून बसणाऱ्या आपल्या पिढीला ही गोष्ट वाचून आनंद होईल.

रिकामे झालेले बेट

त्याच मैदानाची दुसरी एक आठवण बेटावरील लोक सांगतात. ती समजण्यासाठी १९४० सालाकडे वळले पाहिजे. त्या वर्षी जूनमध्ये फ्रान्स पडला आणि ही बेटे राखण्यात लष्करी लाभ नाही असे ब्रिटिश सरकारने ठरविले. २३ जून १९४० रोजी चर्चच्या घंटा वाजविण्यात आल्या, आणि सुमारे चौदाशे रहिवासी हाती लागेल ते सामान घेऊन बंदरावर उभ्या असलेल्या जहाजांत चढले. जर्सी व गर्न्सी येथील बहुसंख्य लोक मागे राहिले. ऑल्डर्नी मात्र जवळजवळ संपूर्ण रिकामे झाले. जुलैच्या आरंभी जर्मन सैन्य उतरले तेव्हा त्यांना उघडी घरे आणि मोकाट गुरे मिळाली.

पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १९४५ रोजी, रहिवाशांची पहिली तुकडी परत आली. घरांची दारे, जिने, जमिनीच्या फळ्यादेखील जळणासाठी उपटून नेलेल्या होत्या. जे काही फर्निचर बेटावर सापडले ते लेझ ब्यूतच्या मैदानावर एकत्र मांडले गेले आणि ज्याने त्याने आपले ओळखून घ्यावे असे ठरले. कोणाचे कपाट कोणते, हे ठरविताना शेजाऱ्या-शेजाऱ्यांत चांगलीच ओढाताण झाली. घर सोडून परक्या देशी आलेल्या आणि एका पेटीत संसार भरलेल्या आपल्या वाचकांना या प्रसंगाचे हसूही येईल आणि त्यातील वेदनाही कळेल.

बेटावर लोक नव्हते, ही गोष्ट पुढे जे घडले त्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. जेथे शेजारी नाही तेथे साक्षीदार नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये हिटलरने या बेटांची तटबंदी करण्याचा हुकूम दिला आणि १९४२ पासून टॉट संघटनेने ऑल्डर्नीवर हजारो मजूर आणले. युक्रेन व रशियातून पकडून आणलेले तरुण, पोलंडचे लोक, फ्रँकोच्या राजवटीतून निसटलेले स्पॅनिश प्रजासत्ताकवादी, उत्तर आफ्रिकेतील लोक आणि फ्रान्सचे यहुदी असे अनेक जातीचे लोक त्यांत होते. चार मोठ्या छावण्यांना उत्तर समुद्रातील जर्मन बेटांची नावे दिली गेली : हेल्गोलँड, बोर्कुम, नॉर्डर्नी आणि झिल्ट. मार्च १९४३ मध्ये झिल्ट ही छावणी एस.एस. दलाच्या ताब्यात गेली आणि जर्मनीतील नॉयनगाम या छळछावणीची ती शाखा बनली.

यहुदी कैदी प्रामुख्याने नॉर्डर्नीमध्ये होते. १९४३ साली त्यांना पॅरिसजवळच्या द्राँसी येथील छावणीतून येथे आणण्यात आले. त्यांपैकी पुष्कळांच्या पत्नी यहुदी नव्हत्या. या कारणास्तव त्यांना पूर्वेकडील मृत्युछावण्यांत न पाठविता मजुरीस जुंपले होते. पातळ सूप, थोडा पाव, दिवसभर काँक्रीट आणि दगड यांचे काम, मारहाण, आणि वर हा वारा. सुती चिंध्या पांघरलेल्या भुकेल्या माणसास तो वारा जानेवारीत कसा लागत असेल, हे जूनमध्ये लोकरीचा स्वेटर घालून हिंडताना आम्हांस पूर्ण उमगले असे म्हणणे योग्य होणार नाही.

पूर्वेकडील फेरी

गावातून लाँजीच्या उपसागराकडे जाणारा रस्ता उताराचा आहे. पाठीशी वारा असल्यामुळे पायडल मारावे लागत नाही. समुद्र समोर दिसू लागताच वाटेवर हॅमंड स्मारक लागते. बेटावरील हॅमंड कुटुंबाने विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ते उभारले. सरकारने नव्हे, सैन्याने नव्हे, एका कुटुंबाने, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. साधी दगडी भिंत आणि तिच्यावर वेगवेगळ्या भाषांतील फलक. त्यांत एक हिब्रू आहे. इतक्या दूर, जेथे एकही सिनेगॉग नाही अशा ठिकाणी, ती अक्षरे पाहून आमचे मन भरून आले.

आम्ही दोघेच होतो; मिनयान जमण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून कादिश म्हणता आला नाही. तहिल्लीमचा १३० वा अध्याय म्हटला. पाने वाऱ्याने उडत होती, म्हणून एकाने पुस्तक धरले आणि दुसऱ्याने वाचले. नंतर बरोबर आणलेले दोन खडे तेथे ठेवले.

तेथून खाली लाँजीच्या पुळणीवर गेले असता एक प्रचंड काँक्रीटची भिंत दिसते. शत्रूचे रणगाडे किनाऱ्यावर चढू नयेत म्हणून जर्मनांनी ती कैद्यांकडून बांधून घेतली. आजही ती शाबूत आहे. आम्ही गेलो त्या दिवशी तिच्या आडोशास दोन कुटुंबे चादरी अंथरून बसली होती, कारण वारा न लागणारी तेवढीच जागा. आम्हीही तेथेच बसून चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि उकडलेली अंडी असा घरून आणलेला फराळ केला. बसावे की बसू नये, याचा आम्ही क्षणभर विचार केला. ज्यांनी भिंत बांधली त्यांना तिचा आडोसा मिळाला नाही. मुलांना तो मिळतो आहे, यात त्यांचा अवमान नाही, असे आम्हांस वाटले. मात्र त्या मुलांना कोणीतरी ती भिंत कोणी बांधली हे सांगितले पाहिजे.

लाँजीनजीक रोमन काळातील एक लहान किल्लाही आहे. पुढे ईशान्य टोकास १९१२ साली बांधलेले काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह लागते. तेथून रस्ता वळतो आणि वारा तोंडावर येतो. आमची गती एकाएकी चालण्याइतकी झाली, आणि चढावर तर आम्ही उतरून सायकली हातांत धरूनच चाललो. अशा रीतीने सॉय उपसागराशी पोहोचलो. शुभ्र वाळू, निळे पाणी, वाळूच्या टेकड्यांमागे तंबूंची वसाहत. सुटीसाठी आलेले लोक येथे राहतात. नॉर्डर्नी छावणी येथे होती.

त्या जागी काय असावे, याविषयी मतभेद संभवतात. आमच्या मते तंबू लावण्यास बंदी घालण्याचे कारण नाही. पण जेथे सहाशे यहुदी माणसे कोंडली होती ती जागा केवळ सुंदर पुळण म्हणून ओळखली जाणे बरोबर नव्हे. पाहुण्याला वाट विचारल्याशिवाय काही कळू नये, इतके मौन इतिहासास मानवत नाही.

पश्चिमेकडे पायी

दुसऱ्या दिवशी सायकली परत केल्या. पश्चिमेचे कडे पायी पाहावेत हे उत्तम, कारण पाऊलवाटा अरुंद आहेत आणि समोरून येणारा वारा सायकलस्वारास उभाही राहू देत नाही. पश्चिम टोकाच्या कड्यावरून लेझ एताक नावाचे खडक दिसतात. दुरून त्यांच्यावर बर्फ पडल्याचा भास होतो. जवळ गेल्यावर कळते की ते बर्फ नसून गॅनेट नावाचे शुभ्र समुद्रपक्षी आहेत, हजारो जोडपी, आणि त्यांच्या कोलाहलाने व वासाने आसमंत भरलेला. आम्हांस ज्या वाऱ्याने पाय टेकणे कठीण केले त्याच वाऱ्यावर हे पक्षी पंख न हलविता स्थिर राहतात, आणि मग एकाएकी पंख मिटून बाणासारखे पाण्यात शिरतात. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात, म्हणजे युद्धाच्या सुमारास, हे पक्षी येथे वस्तीस आले.

कड्यावरून विमानतळाच्या दक्षिणेस चालत गेले असता झिल्टचे अवशेष लागतात. प्रवेशद्वाराचे काँक्रीटचे खांब उभे आहेत. त्यांच्यावर जो फलक आहे तो २००८ साली माजी कैद्यांच्या इच्छेनुसार लावण्यात आला. आत काटेरी झुडुपे, पायांचे चौथरे, एक भुयारी वाट. २०२० साली स्टॅफर्डशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी या छावणीचा पुरातत्त्वीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि झुडुपांखाली काय दडले आहे ते नकाशांवर मांडले. तेथे तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, दुकान नाही. ज्याला जायचे असेल त्याने चालत जावे.

किती माणसे?

या बेटावर नेमके किती लोक मेले, हा वाद अनेक वर्षे चालला. १९४५ साली ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन थिओडोर पँटचेफ या अधिकाऱ्याने चौकशी केली. त्यांनी कबरी मोजून आणि जबान्या घेऊन ३८९ मृत्यू निश्चित केले. पुढे काहींनी हजारो, काहींनी त्याहूनही कितीतरी मोठे आकडे सांगितले. अखेर लॉर्ड एरिक पिकल्स यांनी नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने जुनी दप्तरे तपासून मे २०२४ मध्ये अहवाल दिला. बेटावर आणलेल्या मजूर व कैद्यांची संख्या ७,६०८ ते ७,८१२ यांच्या दरम्यान होती आणि मृतांची संख्या बहुधा ६४१ ते १,०२७ यांच्या दरम्यान असावी, १,१३४ हून ती अधिक असण्याचा संभव नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मृतांत सोव्हिएत नागरिक अधिक म्हणून ब्रिटनने प्रकरण सोव्हिएत संघाकडे सोपविले, आणि तेथे पुढे काही झाले नाही. ब्रिटनमध्ये या गुन्ह्यांसाठी एकावरही खटला झाला नाही. नॉर्डर्नीच्या दोघा अधिकाऱ्यांना १९४९ साली फ्रान्सच्या लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली, एवढाच काय तो न्याय.

काहींना वाटेल की, मेलेली माणसे मोजून काय साधते? आपल्या धर्मात तर जिवंत माणसे मोजण्याची मनाई आहे. तोरामध्ये शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा आणि नाणी मोजावीत असे सांगितले आहे. मिनयान पूर्ण झाला की नाही हे पाहतानाही आपण डोकी मोजीत नाही. परंतु ही मनाई माणसाचा आकडा होऊ नये म्हणून आहे. ज्यांना मारेकऱ्यांनी आकडाच करून टाकले, त्यांना पुन्हा माणूस करावयाचे तर एकेकास शोधून काढावे लागते. आकडा फुगविला तरी मृतांचा सन्मान वाढत नाही. उलट खोटे बोलणाऱ्यास सर्वच खोटे म्हणण्याची संधी मिळते. आकडा कमी केला तर कोणाच्या तरी पित्याचा दुसऱ्यांदा मृत्यू होतो. शाळेत गणित शिकविताना आम्ही मुलांना उत्तराबरोबर रीतही लिहावयास लावीत असू. या अहवालाने रीत लिहून दाखविली आहे, हे त्याचे मोठे महत्त्व.

हे आपले आहे काय?

आपण बेने इस्राएल. कोकणात व मुंबईत आपल्या पूर्वजांना यहुदी म्हणून कोणी छळले नाही, हे आपण अभिमानाने आणि कृतज्ञतेने सांगतो. त्यामुळे योम हाशोआच्या दिवशी भोंगा वाजतो तेव्हा आपल्यातील काही वडीलधारी मंडळी उभी राहतात, पण मनात म्हणतात की, हे दुःख खरे, परंतु सुतक दुसऱ्या घरचे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तथापि आपल्या परंपरेतच याचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.

आपले पूर्वज ज्या जहाजातून आले ते नवगावजवळ फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते गावकऱ्यांच्या भूमीत पुरली गेली, असे आपण पिढ्यानुपिढ्या ऐकत आलो आहोत. त्या मृतांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. तरीही नवगावला जाणारा प्रत्येक बेने इस्राएल त्या जागी थांबतो. नाव माहीत नसलेल्या, वाऱ्या-समुद्राच्या काठी पुरलेल्या यहुद्यांसमोर उभे कसे राहावे, हे आपल्या समाजास कोणी शिकविण्याची गरज नाही. ऑल्डर्नीच्या मृतांचे ऋण तरी याहून वेगळे काय आहे? आणि तेथे ज्या युक्रेनी, रशियन, पोलिश व स्पॅनिश माणसांचा अंत झाला, तेही कोणाचे तरी पुत्र होते. स्मारकावरील इतर भाषांचे फलक हेच सांगतात.

ज्या वाचकांची मुले-नातवंडे लंडनला आहेत, त्यांनी एकदा वेळ काढून हे बेट पाहावे. मे ते सप्टेंबर हा काळ योग्य. गर्न्सीहून लहान विमानाने सुमारे वीस मिनिटे लागतात. मात्र धुके वा वारा असल्यास विमान सुटत नाही, म्हणून परतीचे तिकीट शुक्रवारचे काढू नये. कोशर जेवण बेटावर मिळत नसल्यामुळे शिधा बरोबर न्यावा. लोकरीचे कपडे जूनमध्येही लागतात. सायकली सेंट ॲनमध्ये भाड्याने मिळतात. तहिल्लीमचे लहान पुस्तक व घरून आणलेला एखादा खडा पिशवीत असावा. आणि दहाजण मिळून जाणे जमले तर त्याहून उत्तम काही नाही, कारण त्या हिब्रू फलकासमोर कादिश म्हणता येईल.